पणजी बघायचीच!

अमरसिंह चौगल्यानं एकदा नियोजन केलं की खुद्द ब्रह्मदेवालाही त्यात खाडाखोड करता यायची नाही, असं अमरसिंहच सगळ्यांना सांगत असे. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मंगळवार पेठेजवळच्या एका मंगल कार्यालयाचा तो व्यवस्थापक. वरात दोन तास उशिरा येवो, नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबत नसोत, मुलीकडचे मामा रुसून गाडीत जाऊन बसोत, या पठ्ठ्यानं अक्षता मिनिटावर पाडल्या नाहीत असं अकरा वर्षांत एकदाही झालेलं नाही. रुसलेल्या मामाला किती मिनिटं द्यायची, हेसुद्धा त्याच्या वहीत लिहिलेलं असायचं. नऊ!

फक्त एक कार्यक्रम त्याच्याकडून कायम राहून जायचा. बायकोला फिरायला न्यायचा. शनिवार-रविवार आला की मुहूर्त, आणि मुहूर्त आला की कार्यालय. लग्न झाल्या झाल्या दोघांचं पणजीला जायचं ठरलं होतं. पण नेमका तेव्हाच कार्यालयाचा आचारी पळून गेला, आणि नवराबायको जोतिबाला जाऊन, गुलाल लावून, दुपारी जेवायला घरी परत आली. तोच त्यांचा हनिमून.

अनुजा प्राथमिक शाळेत बाई होती. अठ्ठेचाळीस पोरं एका वर्गात सांभाळणाऱ्या माणसाचा धीर काही साधासुधा नसतो. तिनं अकरा वर्षं कुरकुर केली नाही. यंदा मात्र तिनं पट्टी घेतल्यासारखं बोट उगारलं.

"अहो, ह्या खेपेला पणजी झाली न्हाई, तर परत माझ्यापुढं फिरायचं नाव काढायचं न्हाई. मला मांडवी नदीतल्या त्या बोटीवर नाचायचं हाय. आणखी धा वरसांनी न्हेऊन काय उपयोग? तवर गुडघं ऱ्हायाला नगंत?"

"झालं म्हणून समज!" अमरसिंह म्हणाला. "आणि लोकांगत गोवा गोवा म्हणू नगंस. गोव्याला काय कुणीबी जातंय आणि वाळूत लोळून येतंय. आपण शहर बघायचं. पणजी म्हणायचं. पणजी!"

हा शब्द त्यानं इतक्या ऐटीत उच्चारला, की तिथंच खरं म्हणजे शिंक यायला हवी होती.

नियोजन मात्र बघण्यासारखं झालं. लेक सई शिरोळला आजोळी पोचती झाली. प्लॅन टाइप करून, लॅमिनेट करून, गाडीत समोर लावला गेला. सात वाजता प्रस्थान. सात पन्नासला निपाणीत चहा, कालावधी सात मिनिटं. मग आजरा, आंबोली, सावंतवाडी. साडेबाराला पणजी. संध्याकाळी सहाला बोट. त्यापुढं 'नृत्य' असं लिहून कंसात 'गरजेनुसार' म्हटलेलं होतं. अनुजानं पिवळा, गुडघ्यापर्यंतचा नवा ड्रेस बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवला आणि दिवसातून तीनदा उघडून बघितला.

आता लांब निघायचं तर वडीलधाऱ्यांना सांगून निघावं, ही आपली पद्धत. अमरसिंहला वडीलधारी म्हणजे मुरगूडची आत्ती, वडिलांची थोरली बहीण बायडाबाई. सातवीपर्यंत तो तिच्याकडेच वाढलेला. आणि त्या घरात आणखी एक माणूस होतं. आत्तीची सासू, धोंडुबाई. वय चौऱ्याण्णव. घरात पणतवंडं झाली तशी ती घराची पणजी झाली, मग गल्लीची झाली, आणि आता अख्खं मुरगूड तिला पणजीच म्हणतं. अमरसिंहच्या लहानपणी याच पणजीनं त्याला पाठीवर घेऊन तालमीत नेऊन सोडलेलं. तीन वर्षांत त्यानं तिचं तोंड बघितलं नव्हतं. फोन लावायच्या आधी हे एवढं त्याला आठवायला पाहिजे होतं की नाही? पण डोक्यात नियोजन भरलं की बाकीच्या गोष्टींना बसायला खुर्ची मिळत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयात सनईची चाचणी चाललेली असताना त्यानं फोन लावला.

"आत्ती, उद्या सकाळी सातला निघालोय. पणजीला!"

पलीकडे कसलंतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

"खरं सांगालास?"

"म्हंजे काय! अनुजा बी हाय. दोन दिवस मुक्काम. कवाधरनं मागं लागलीया ती, पणजी बघायचीच म्हणून."

"गुणाची गं बाई माझी!" आत्तीचा आवाज भरून आला. "न्हाईतर आजकालच्या पोरींस्नी पणजीचं काय पडलंय?"

"असं कसं? सगळी पोरं पणजीच्या नावानं येडी झाल्यात!"

"व्हय, तसं येतंय-जातंय कोण ना कोण."

"लई बदललीया म्हणं आता?"

"बदलायचीच की रं. पर हाय अजून टुकटुकीत!"

"आमचा आचारी सांगालता, रातभर जागी असती!"

"डोळ्याला डोळा लागत न्हाई बघ. आन् दुसऱ्याला लागू देत न्हाई."

"आगं, त्यासाठीच तर निघालोय! बरं, येतो आत्ती."

"ये बाबा, ये. वाट बघतो."

आता आपल्याकडं 'जातो' कुणी म्हणत नाही. अशुभ मानतात. चंद्रावर निघालेला कोल्हापूरकरसुद्धा 'येतो' म्हणूनच निघेल. अमरसिंहनं निरोप घेतला आणि आत्तीला आमंत्रण पोचलं. दोघंही आपापल्या जागी भलतीच खूश!

शनिवारी सकाळी बरोबर सातला गाडी हलली. अमरसिंहनं घड्याळ अनुजाच्या नाकासमोर धरलं. तिनं मान्य केलं. कागल मागं पडलं आणि फोन वाजला. गाडीतल्या स्पीकरवर आत्तीचा आवाज घुमला.

"कुठंवर आलासा?"

"कागल सोडलं आत्ती."

"मग आलासाच की! या, या. पणजी पाच वाजल्यापास्नं तयार हून बसलीया. नवं लुगडं नेसलीया. पव्हं केल्यात, पर आमऱ्या आल्याशिवाय खात न्हाई म्हणती!"

गाडी थोडी डावीकडे गेली, मग थोडी उजवीकडे गेली, आणि एका उसाच्या ट्रॉलीला वाट देऊन रस्त्याच्या कडेला थांबली. फोन बंद झाला होता. अमरसिंह समोरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघत होता. कागदावर पणजी हा शब्द सहा वेळा आलेला होता.

अनुजाला आधी समजलं. बाई होती ना ती! पोरांनी शुद्धलेखनात केलेला घोळ तिला पहिल्या ओळीत दिसायचा.

"गोवा म्हणायला काय झालतं तुमाला?" ती म्हणाली.

"वाटंवरच हाय गं मुरगूड," अमरसिंह घाईघाईनं म्हणाला. "थोडं आत. मी बसवतो की नियोजनात! निपाणीचा चहा रद्द. मुरगूड, अर्धा तास. पव्हं, पाया पडणं, प्रस्थान. नऊला आपण बाहेर!"

"आणि न्हाई जमलं तर?"

"अगं, मी हजार माणसांची लग्नं उरकतो. एक म्हातारी काय चीज हाय!"

अनुजानं फक्त मागं वळून बॅग नीट आहे का बघितली.

मुरगुडात गाडी गल्लीत वळली आणि अमरसिंहचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आत्तीच्या नव्या स्लॅबच्या घरासमोर मांडव पडला होता. मांडवाच्या तोंडाशी दहा बाय आठचा फ्लेक्स! आत्तीचा मुलगा आकाराम याचं फ्लेक्स छपाईचं दुकान. त्यानं पोटच्या पोरासारखा जीव ओतून तो छापला होता. अमरसिंहचा लग्नातला, केस असतानाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'पणजीच्या भेटीस्तव कोल्हापूरहून येणारे आदर्श नातू मा. अमरसिंह (दादा) चौगले यांचे सहर्ष स्वागत.' दाराशी एक बकरं बांधलेलं होतं आणि तेही या फ्लेक्सकडेच बघत होतं.

"पावणं आलं! पावणं आलं!" गल्ली ओरडली.

आत्तीनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि एका दमात कार्यक्रम सांगितला. "आज शनवार, मारुतीचा वार, म्हणून पुरणाच्या पोळ्या. चाळीस माणसं सांगितल्यात. सांच्याला भजन. उद्या आयतवार, उद्या बकरं. दोन दिवस म्हणालतास न्हवं?"

अमरसिंहनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण रं? आमऱ्या काय?" आणि तोंड मिटलं.

पणजी खुर्चीत बसली होती. एवढीशी. हिरवं नवं लुगडं, मांडीवर मोबाइल, मोबाइलवर कुठल्यातरी जत्रेतली कुस्ती. हरून पाठ टेकलेल्या पैलवानाला दोन शिव्या घालून तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि अमरसिंहचा कान धरून त्याला खाली ओढलं. तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"वाळलास," ती म्हणाली. अमरसिंहचं वजन शंभराला चार कमी होतं.

त्याला एकदम भरून आलं. तीन वर्षं आपण आलो नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं. आता या म्हातारीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाई, आम्ही तुझ्याकडं आलोच नव्हतो? त्यानं अनुजाकडं बघितलं. अनुजानं खांदे पाडले आणि ती पणजीच्या पायाशी बसली.

नऊ वाजले. पोहे झाले. मग दूध झालं. मग दूध झाल्यावर चहा कसा नाही, म्हणून चहा झाला. अमरसिंहनं सुटायचा पहिला प्रयत्न केला. महत्त्वाचा फोन आल्याचं दाखवत तो अंगणात आला. चपला नव्हत्या! पावण्यांनी मध्येच पळून जाऊ नये म्हणून आत्तीनं त्या कधीच धान्याच्या कोठीमागं टाकल्या होत्या. दुसऱ्या वेळी तो अनवाणीच निघाला, तर गाडीसमोर शेजारच्या आण्णांनी खुर्ची टाकलेली. आण्णा जुने वस्ताद. पंच्याहत्तरी गाठली तरी मान अजून डेरेदार.

"बस की पावण्या. कुठं निघालास? तुझ्यासारखा नातू मिळायला नशीब लागतंय! पणजीसाठी कामधंदा सोडून आलास. आमची बघ, पुण्यात बसून रामराम धाडत्यात."

अमरसिंह बसला. एवढं कौतुक चालू असताना उठून जाणारा माणूस अजून कोल्हापूर जिल्ह्यात जन्माला यायचा आहे.

साडेदहा झाले. तो आत डोकावला. अनुजा पणजीची नखं काढत होती. शांतपणे, एकेक. आणि गाडीत लावलेला तो लॅमिनेट केलेला प्लॅन तिनं आणून, घडी होत नव्हती तरी दुमडून, पर्समध्ये कोंबलेला होता. पर्समधून त्याचा एक कोपरा बाहेर आला होता. तिनं भांडायला हवं होतं. ती भांडत नव्हती, म्हणजे तिनं बोटीवरची पणजी सोडून दिली होती. आणि पणजीबरोबर त्यालाही थोडा सोडून दिला होता.

"पोरी, तोंड का उतरलंय तुझं?" पणजीनं विचारलं.

"काय न्हाई."

"चौऱ्याण्णव वरसं तोंडंच बघत आलोय मी. सांग."

अनुजाला लहान मुलांशी आणि म्हाताऱ्या माणसांशी खोटं बोलता येत नसे. तिनं सगळं सांगितलं. पणजी नावाचं शहर. रंगीबेरंगी घरं. नदी. सहाची बोट. बोटीवर गाणी लागतात आणि लोक नाचतात, हे सांगताना तिचा आवाज थोडा हलला. फोनमधला घोळही सांगितला. दारात अमरसिंह खांबाला टेकून उभा होता. आत्तीच्या हातातलं उलथनं खाली आलं.

पणजी खुर्चीत पुढं सरकली. "माझ्या नावाचं गाव हाय?"

"व्हय."

"नदीकाठी?"

"व्हय."

"आन् मला आजवर कुणी सांगितलं न्हाई!"

मग तिची नजर दाराकडे वळली. "आमऱ्या, हिकडं ये. बायकूला कबूल केलतंस?"

"केलतो."

"मग हितं काय करालास?"

"तुला भेटायला..."

"गप! चुकून आलास तू. चुकून आलास त्ये बरं केलंस, मला बरं वाटलं. पर अकरा वरसं बायकूला झुलवतोस? तुझ्या आज्ज्यानं मला मुंबई दावतो म्हणून सांगितलंतं. सत्तर वरसं झाली. त्यो गेला, मुंबई ऱ्हायली." पणजी खुर्चीचा हात धरून उठली. "ही जाणार. आन् मी बी जाणार!"

घरात एकच गिल्ला झाला. आत्ती म्हणाली, घाट हाय. पणजी म्हणाली, मी बैलगाडीतनं जोतिबा केलाय, मोटारीला काय हुतंय? आत्ती म्हणाली, औषधं कोण देणार? पणजी म्हणाली, तू. म्हणजे तू बी चल. आत्तीनं 'मी न्हाई बाई येत' असं म्हणता म्हणता पदराला हात पुसले आणि पातळ बदलायला गेली. तिचा वेग बघून अमरसिंहला कळलं, की हिलाही कुणीतरी काहीतरी कधीतरी कबूल केलेलं आहे.

"मग सगळीच जाऊ की!" तो खुलला. "मागं तिघी, फुडं मी!"

"तू कुठं?" पणजी म्हणाली. "चाळीस माणसं जेवायला सांगितल्यात. पंगत मोडायची न्हाई. तू हितं बस."

"आगं, पर..."

"दादा, तुमचा फ्लेक्स लागलाय," आकाराम गंभीरपणे म्हणाला. "फ्लेक्सवरचा माणूसच न्हाई म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

यावर कोल्हापूर जिल्ह्यात उत्तर नाही. अमरसिंहनं शेवटचा पत्ता टाकला. "आणि गाडी कोण चालवणार? आंबोलीचा घाट हाय!"

"मी," अनुजा म्हणाली. "रोज मंगळवार पेठेतल्या गल्लीतनं, दोन्ही बाजूला लावलेल्या गाड्यांमधनं शाळंला गाडी काढतो मी. आंबोलीचा घाट काय घेऊन बसलासा?"

तिनं हात पुढं केला. अमरसिंहनं किल्ली दिली. बरोबर अकराला गाडी गल्लीतून मागं घेतली तिनं. एकदाही न थांबता, मांडवाचा बांबू बोटभर अंतरावर ठेवून. आण्णा शेताकडे गेले होते, गल्लीही आपापल्या कामाला पांगली होती; नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं. अमरसिंह अनवाणी उभा राहून बघत राहिला. आपली बायको एवढी झकास गाडी चालवते, हे त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं.

पंगत दीडला बसली. आणि खरं सांगायचं तर अमरसिंहला बरंही वाटलं. पंगत म्हणजे त्याचं राज्य! पंचा कमरेला बांधून, कटाच्या आमटीची बादली घेऊन तो ओळीतून फिरू लागला. आण्णा पहिल्या पानावर होते.

"पावण्या, पणजी दिसंना कुठं?"

"पणजी गेली की, आण्णा," अमरसिंह आमटी वाढत म्हणाला.

आण्णांचा घास हातात थांबला. "गेली?"

"अकराला."

"अरं, मी सकाळी बोललो तिच्यासंगं! कशानं गेली?"

"गाडीनं."

"गाडीनं? कुणाच्या?"

"माझ्याच. आमटी घ्या की आणखी."

"तुझ्या? चालवत कोण हुतं?"

"अनुजा. लई झकास चालवती, मला बी म्हाईत नव्हतं!"

आण्णांनी हातातला घास पानात ठेवला. "आणि बायडाबाई कुठं हाय?"

"ती बी गेली. तिघीबी एकदमच गेल्या," असं म्हणून अमरसिंह तुपाची वाटी आणायला आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा पंगत उठली होती. चाळीसच्या चाळीस पानांवर पोळ्या तशाच, आणि माणसं चुळा भरून डोकीवरच्या टोप्या काढत होती. कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी मोबाइलवर अंगठा चालवत होतं. पणजीचा फोटो, त्याभोवती फुलं आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं मुरगूडच्या तीन ग्रुपवर पडायला किती वेळ लागला? अमरसिंहच्या हिशोबानं रुसलेल्या मामापेक्षा कमी!

"अहो, तशी न्हाई गेली!" तो ओरडला. "पणजी पणजीला गेलीया!"

लोकांनी एकमेकांकडं बघितलं.

"गोव्याला! गोव्याला गेलीया बोटीत बसाय!" अखेर तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. पण उशीर झाला होता.

"पोरगं बिथरलं," आण्णा हळूच म्हणाले. "बायको, आत्ती, पणजी... एका दिसात. पाणी द्या त्येला."

आकाराम खरं तेच सांगत होता, पण त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. घरचं माणूस पहिल्यांदा मानत नाही म्हणे. अनुजाचा फोन लावावा, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' हे ऐकून बायकांनी पदर डोळ्याला लावले. आत्तीचा फोन लावला, तर तो आतल्या फळीवरच वाजू लागला, आणि त्या रिकाम्या घरातली ती रिंग ऐकून तर आण्णांनाही आवरेना. नकाशा बघून बघून अनुजाच्या फोनची बॅटरी सावंतवाडीच्या अलीकडेच संपली होती आणि पणजीत पोचल्यावरच तिला चार्जर मिळाला, हे नंतर कळलं.

चार वाजेपर्यंत शंभर माणसं झाली. पाचला दोनशे. शेजारच्या गावाहून टेम्पो आला. भजनी मंडळ संध्याकाळचंच बोलावलेलं, ते टाळ घेऊन वेळेआधी हजर. हार आले आणि ठेवायला जागा नाही म्हणून स्वागताच्या फ्लेक्सला लटकवले गेले. म्हणजे अमरसिंहच्या लग्नातल्या फोटोला! एकजण आकारामला बाजूला घेऊन श्रद्धांजलीच्या बोर्डाचं बोलला, तर सवयीनं आकाराम म्हणाला, "किती बाय किती?"

आणि काय सांगावं, त्या सगळ्या गोंधळातही अमरसिंहला एक गोष्ट दिसत होती. येणारा प्रत्येक माणूस पणजीचं काहीतरी सांगत होता. हिला तिनं बाळंतपणात डिंकाचे लाडू दिलेले. त्याची मोडलेली सोयरीक तिनं एका चहात जुळवलेली. आण्णांना आयुष्यातली पहिली कुस्ती हरल्यावर तिनं घरात घेऊन खिमा खाऊ घातलेला, आणि वर एक थोबाडीत दिलेली. एवढं मोठं माणूस आपल्या घरात होतं, आणि आपण तीन वर्षं मुहूर्त बघत बसलो! अमरसिंहचे डोळे भरले. ते बघून लोकांची तर खात्रीच पटली.

सहा वाजून चार मिनिटांनी त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल! अनुजा!

"आल्या! जित्त्या हाईत!" असं ओरडत तो मांडवात धावला. फोन आकारामनं हिसकावून घेतला आणि तो स्टुलावर उभा राहिला. दोनशे माणसं त्या सहा इंचांत डोकी घालायला पुढं सरकली.

पडद्यावर आधी नुसतं पाणी दिसलं, त्यावर सांडलेलं तांबूस ऊन, काठावरचे उजळत चाललेले दिवे. मोठ्यानं गाणं लागलेलं. मग फोन वळला. बोटीच्या मधोमध, टाळ्या वाजवणाऱ्या पोरापोरींच्या घोळक्यात, हिरव्या लुगड्याचा काचा मारून, कुणाचा तरी काळा गॉगल डोळ्यावर चढवून पणजी उभी होती. एक हात कमरेवर, एक हात वर! तिच्याभोवती आत्ती गिरक्या घेत होती. जिनं कधी लग्नाच्या वरातीतही पाऊल उचललं नाही, ती आत्ती!

मांडवातली माणसं आधी नुसतीच डोळे चोळत राहिली. मग आण्णांनी दोन बोटं तोंडात घालून आखाड्यातली शिट्टी मारली, आणि मुरगूड फुटलं! भजनी मंडळानं न सांगता टाळ धरला. रडून सुजलेल्या बायका हसायला लागल्या.

पणजीनं गॉगल वर करून फोनमध्ये बघितलं. "आगाय्या! एवढी माणसं कशापायी जमवलासा?"

"तुझ्यासाठीच!" अमरसिंह म्हणाला.

"मी तर हितं हाय की! जेवली काय सगळी?"

सगळ्यांच्या नजरा तशाच पडलेल्या पानांकडे गेल्या.

"आमऱ्या, पंगत मोडलास? आता बसीव सगळ्यांस्नी. एक माणूस उपाशी गेलं तर बघ!"

दोनशे माणसं! आणि पोळ्या चाळिसांच्या! अमरसिंहच्या डोक्यात हिशोब गरगरला. पण तेवढ्यात पडद्यावर अनुजा आली. पिवळा ड्रेस, वाऱ्यानं उडणारे केस, घामानं चमकणारं तोंड. अकरा वर्षांत असं हसताना त्यानं तिला बघितलं नव्हतं. कसली सुंदर दिसत होती! घाट उतरून, दोन म्हाताऱ्या सांभाळून, बरोबर वेळेवर बोटीत चढली होती ती. त्याला भर मांडवात, दोनशे माणसांसमोर, बायकोचा अभिमान वाटला, आणि तो त्यानं लपवला नाही.

"अहो!" ती गाण्यावर आवाज चढवून ओरडली. "वाटंत सगळं तुमच्या कागदात बघूनच केलं! बोट सहाला म्हणजे सहालाच सुटली! एक नंबर नियोजन हुतं तुमचं!"

अमरसिंहची छाती फुगली. त्यानं आण्णांकडं बघितलं, आकारामकडं बघितलं.

"ऐकलासा?" तो सगळ्यांना म्हणाला. "आपलं नियोजन हाय म्हटलं!"

"आणि पणजी म्हणालीया, पुढच्या खेपेला मुंबई!" अनुजा हसत ओरडली. "असंच करूया. तुमी घरात बसून नियोजन करा, आमी जाऊन येतो!"